सावली मोलगीला पोहोचली

शैला, तू जिंकलीस. हे आधीच सांगून टाकते. तुला लांबण लावलेलं आवडत नसे आणि मला हार मानायची सवय नाही, तेव्हा दोन्ही एकदम उरकलेलं बरं.

मेच्या दुपारी, शाळेला सुट्टी असताना, ना हजेरी ना गुण, आपल्या जिल्ह्यातली नववी-दहावीची पोरं उन्हात जाऊन उभी राहिली. काहीतरी दिसेनासं व्हावं म्हणून वाट पाहत राहिली. मी म्हणाले होते, त्या उन्हात कुत्रंसुद्धा बाहेर येणार नाही. कुत्री आली नाहीत. माझं तेवढंच खरं ठरलं.

तुझं ‘भूगोलाचं पान’ म्हणजे काय, हे आता लोक मला विचारतात. सांगायला गेलं की फारच किरकोळ वाटतं. महिन्यातून एकदा निघणारा, पाठपोट झेरॉक्स केलेला एक कागद. पुढच्या बाजूला बातम्या: भूकंप कुठे झाला, बंगालच्या उपसागरात काय घोटाळतंय, तापीत वरून पाणी सोडलं की नाही. मागच्या बाजूला ‘करून बघा’. ज्या बातमीखाली पोरांना करायला काही नाही, ती बातमी तू घेत नसायचीस, मग ती कितीही मोठी असो. कुठल्याशा दूरच्या बेटावर ज्वालामुखी फुटला तेव्हा मी खूश झाले होते. म्हटलं, आता बघू ही काय करायला लावते. तू खाली लिहिलंस: घराच्या पायरीचा काळा दगड हातात घ्या, तोही एके काळी असाच वाहत आला होता. त्या महिन्यात शहाद्यापासून नवापूरपर्यंत किती पायऱ्या उचकटल्या गेल्या असतील, देव जाणे. एका पालकाने मुख्याध्यापकांकडे तक्रारही केली होती.

लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांचे थर चिकटवून केलेला सातपुडा, थंड पेयाची बाटली कापून केलेलं पाऊस मोजायचं भांडं, शेजारच्या गावाच्या मातीशी ताडून बघायला पुडीत बांधलेली आपली माती. ही तुझी साधनसामग्री. सरकारी खोक्यातून आलेला पृथ्वीचा गोल मात्र तू कपाटावर ठेवला होतास. तो आसावर फिरत नसे आणि त्याच्यावर नंदुरबार नव्हतं. “असल्या गोलवर आपन राहतस का?” तू मला विचारलं होतंस.

माझं काम शुद्धलेखन तपासायचं आणि विशेषणं कापायचं. तू ‘अद्भुत’ लिहायचीस, मी काढायचे, पुढच्या महिन्यात तू परत घालायचीस. मग गठ्ठे एसटी स्टँडवर जायचे. एक विसरवाडीच्या गाडीत, एक सारंगखेड्याच्या, एक डोंगरात मोलगीकडे. कंडक्टर तुला ओळखत होते. ज्यांच्याकडे मोबाईल होते त्या पोरांसाठी तू ग्रुप केलास, पण कागद बंद केला नाहीस. मोबाईल घरात एकच असतो आणि तो बापाच्या खिशात असतो, हे तुला ठाऊक होतं.

आपलं भांडण जुनं. वर्गात आपण दोघी चांगलं पुस्तकी मराठी बोलायचो आणि स्टाफरूमच्या दारातून आत आलो की अहिराणीत भांडायचो.

“भूगोलनी कसानी बातमी व? डोंगर काल व्हता तठेच आज शे,” मी म्हणायचे.

“तुले पुस्तकमातली नदी चालस,” तू म्हणायचीस, “गावमातली नदी दखाडी का तुन्हं डोकं दुखस.”

हे खरं होतं. मी मराठी शिकवते. नदीकाठी बसून नदीवरचं पुस्तक वाचणारी मी. पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, ती आता सांगायला हरकत नाही. पान छापून आलं की एक प्रत मी घरी न्यायचे आणि चहाबरोबर पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायचे. चुका शोधायला नव्हे. चुका तर आधीच काढलेल्या असायच्या. तुला हे सांगितलं असतं तर तू विशेषणांची संख्या वाढवली असतीस, म्हणून गप्प राहिले.

मग तुझ्या डोक्यात ती सावली शिरली.

कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या बरोबर डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा येतो. त्या दुपारी क्षणभर सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते, बाजूला काही उरत नाही. पुस्तकात हे चार ओळींत आहे आणि परीक्षेला दोन गुणांना येतं. पोरं ते पाठ करतात, लिहितात, गुण घेतात. आणि पाहत कुणीच नाही, कारण आपल्याकडे हे मेच्या शेवटी घडतं, शाळा बंद असताना. तुला याचा फार राग होता. “पोरं शाळामा ऱ्हातस तवय सावली ऱ्हास, पोरं घर गयात का सावली जास,” तू म्हणालीस, जणू शिक्षण खात्याने सूर्याशी संगनमत करून सुट्ट्या लावल्या होत्या.

त्यात तुला आणखी एक दिसलं होतं. सूर्य मेमध्ये उत्तरेकडे सरकत असतो. म्हणजे सावली सगळ्या जिल्ह्यात एकाच दिवशी जात नाही. आधी विसरवाडीला जाते, मग तापीकाठी सारंगखेड्याला, मग सातपुड्यात मोलगीला. थोड्या दिवसांत ती आपला जिल्हा खालून वर ओलांडते. प्रत्येक गावाने आपापल्या दिवशी पाहायचं आणि पुढच्या गावाला कळवायचं, हे तुझं स्वप्न. माझ्या मते यासाठी कुणी घराबाहेर पडणार नव्हतं.

गेल्या वर्षी तू एका मोठ्या शाळेला हे पटवलंस. शाळेचं नाव लिहीत नाही. त्यांनी ते फारच मनावर घेतलं. ‘शून्य सावली महोत्सव’ असा फलक लागला. प्रमुख पाहुणे, विशेष पाहुणे, स्वागताध्यक्ष, दीपप्रज्वलन. आणि एवढी मोठी माणसं मेच्या उन्हात कशी बसणार, म्हणून अख्ख्या मैदानावर मंडप.

आपण दोघी पोहोचलो तेव्हा तू वर पाहिलंस, कापड पाहिलंस, आणि माझा हात घट्ट धरलास. मला वाटलं तुला चक्कर आली.

तू आयोजकांना शांतपणे म्हणालीस, “सर, मंडप थोडा बाजूला घेता येईल का? निदान मधला भाग?”

मंडपवाल्याला बोलावलं. तो डोक्याचा रुमाल सोडून घाम पुसत म्हणाला, “ताई, हाऊ लगीनना मंडप शे. मजारमाईन सोडा ते पाहुणासवर पडी.”

मधून सोडला तर पाहुण्यांवर पडेल म्हटल्यावर विषय संपला. पाहुणे उशिरा आले, समई पेटेना, मग पेटली, आणि नेमक्या त्या वेळी भाषण ऐन रंगात होतं. कुणीतरी चिठ्ठी दिली. पाहुण्यांनी ती वाचली आणि हात उंचावून म्हणाले, “विद्यार्थ्यांनो, पायाशी पाहा! आहे कुणाची सावली? नाही! हेच ते विज्ञान!” टाळ्यांचा कडकडाट झाला. मंडपाखाली सकाळपासून कुणाचीच सावली नव्हती, आणि संध्याकाळपर्यंत पडणारही नव्हती.

तू तोंडावर पदर धरून बाहेर धावलीस. लोकांना वाटलं, बाई भावुक झाल्या. मी मागोमाग आले तर तू पाण्याच्या टँकरपाशी खाली बसून हसत होतीस, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग एकदम थांबलीस आणि आपली स्टीलची बाटली जमिनीवर उभी केलीस. बाटली उभी होती आणि तिला सावली नव्हती. मंडपवाला, टँकरवाला, तू आणि मी. महोत्सवात एवढ्याच लोकांनी ते पाहिलं.

“बस, इतलंच?” मी म्हणाले.

“इतलंच,” तू म्हणालीस, चेहरा असा की जणू मी ताजमहालासमोर उभी राहून हे विचारलं.

“यानासाठे मे महिनामा कोन्ही पोरगं उनमा येवाव नही.”

“येतीन.”

“मंडप नसना तरी?”

“मंडप नसना म्हनीसनच येतीन.”

तिथे ते भांडण थांबलं आणि मग थांबूनच राहिलं. पावसाळा आला, परीक्षा आल्या, मग तुझं दुखणं आलं. त्याबद्दल लिहीत नाही, तूही बोलत नव्हतीस. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी दवाखान्यात मी आले तेव्हा बाहेर कुठेतरी बायका झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि तू डोळे मिटून ऐकत होतीस. माझ्याकडे न पाहताच म्हणालीस, “मेनं पान काढजो व.”

मी म्हणाले, “बघू.”

आयुष्यभर शब्दांवर जगलेल्या बाईला त्या वेळी सुचलेला शब्द हा. तू मात्र हसलीस. माझं ‘बघू’ म्हणजे काय, ते तुला माहीत होतं. मला तितकंसं माहीत नव्हतं.

तुझी शोकसभा चांगली झाली, म्हणजे खुर्च्या पुरल्या. तुझ्या फोटोला एवढा मोठा हार घातला होता की फोटोत फक्त चष्मा दिसत होता. एक वक्ते म्हणाले की भूगोलाचा सूर्य मावळला. मला तुझा आवाज ऐकू आला, सूर्य मावळत नाही सर, पृथ्वी फिरते. दुसऱ्यांनी तुला भूगर्भातलं रत्न आणि आकाशातलं अढळ नक्षत्र म्हटलं, एकाच वाक्यात. नकाशाभरण स्पर्धेसाठी तुझ्या नावाची फिरती ढाल जाहीर झाली. ‘भूगोलाचं पान अखंड चालू राहील’ अशी घोषणाही झाली. ती करणाऱ्याने पान कधी पाहिलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते, कारण तो त्याला मासिक म्हणाला. मेचं पान कोण लिहिणार, हे कुणीही विचारलं नाही. सभेनंतर मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, आता मोबाईलवर सगळंच मिळतं. प्रतिसाद असेल तर पुढच्या वर्षी झेरॉक्सचं बघू.”

त्यांचाही शब्द ‘बघू’च होता.

मी घरी येऊन मनाशी ठरवलं. मेचं एक पान काढायचं, तुझ्या शब्दाखातर. विसरवाडी, सारंगखेडा, मोलगी, या तिन्ही ठिकाणांहून पोरांची बातमी आली तर पान चालू ठेवायचं. एकही कमी पडली तर बंद, आणि त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही. माझा अंदाज होता की एकही येणार नाही. मी स्वतःसाठी सभ्यपणे सुटायची वाट करत होते.

पान लिहायला बसले आणि कळलं की इतकी वर्षं मी फक्त स्वल्पविराम पाहत होते. अक्षांश आडवे की उभे, इथूनच सुरुवात. कसंबसं लिहिलं, ‘भर दुपारी बारा वाजता एक वस्तू सरळ उभी करा,’ आणि ग्रुपवर टाकलं. तासाभरात विसरवाडीहून सॅम्युएलचा फोन आला. आठवतो ना, दहावीला गेलेला, सतत खाकरून बोलणारा?

“मॅडम, एक चूक काढू का?”

“काढ बाबा. आम्ही आयुष्यभर तुमच्या काढल्या.”

“बारा नाही मॅडम. आपल्याकडे साडेबाराच्या आसपास. शैला मॅडम म्हणायच्या, प्रमाणवेळेचं घड्याळ मिर्झापूरचं, ऊन आपलं.”

मी पान बदललं. खाली तुझंच ‘करून बघा’ घातलं, आणि एक वाक्य माझं: मंडप घालू नये. गठ्ठे घेऊन स्टँडवर गेले. मोलगीच्या गाडीचा कंडक्टर गठ्ठा हातात घेऊन म्हणाला, “बाई गेल्या ना? मग हे कोण काढी ऱ्हायनं?” मी म्हटलं, “मीच.” त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि गठ्ठा नेहमीसारखा डिकीत न टाकता आपल्या सीटशेजारी ठेवला.

पहिली बातमी विसरवाडीहून आली, आवाजी निरोपात, मागे ट्रकांचे हॉर्न. सॅम्युएलने हायवेवरच्या एका हॉटेलासमोर क्रिकेटचा स्टंप रोवला होता. शेजारच्या गवंड्याकडून ओळंबा आणून तो सरळ आहे की नाही हे पाहिलं होतं. बरोबर त्याचे चार-पाच मित्र. चहा प्यायला थांबलेले ड्रायव्हर एकेक करून जमा झाले. त्यांना वाटलं, टायरखाली काही आलंय.

“क्या हुआ? एक्सिडेंट?”

“नहीं चाचा, परछाई जानेवाली है.”

“किसकी?”

“सबकी.”

मग निरोपात एक मोठा आवाज म्हणतो, “अरे! किधर गई?” पंजाबकडचा ड्रायव्हर होता म्हणे. तो स्टंपाभोवती फिरून आला आणि विचारू लागला की माझ्या गावाला हे कधी होतं. सॅम्युएलने सांगितलं, “आपके यहाँ कभी नहीं होता चाचा. दिल्ली में भी नहीं होता.” ड्रायव्हर बिचारा खट्टू झाला. आणि सॅम्युएल खाकरून मला म्हणाला, “मॅडम, दिल्लीला होत नाही ते विसरवाडीला होतं, हे पुढच्या पानात पहिल्या ओळीत टाका.”

टाकलं आहे. ‘अद्भुत’ हा शब्दही त्याने घातला होता. तो मी काढला नाही.

सारंगखेड्याची भाविका तुझ्या लाडक्यांपैकी, नववीची, मातीच्या पुड्यांवर सुवाच्य नावं घालणारी. तिच्या काकांकडे घोडी आहे. तिने खांब-बिंब काही रोवला नाही, सरळ घोडीच अंगणात आणून उभी केली. काका ओसरीवरून ओरडले, आणि भाविकाने ते संवाद जसेच्या तसे लिहून पाठवले:

“उनमा काय करी ऱ्हायनी व?”

“सावली जावानी वाट देखी ऱ्हायनू, काका.”

“ती काय तुले इचारीसन जाई का?”

“नही, शैला मॅडमनी सांगेल शे तवयच जाई.”

“आनी घोडीले उन लागनं ते?”

“काका, तुम्हीन छत्री धरा. पन बाजूले धरा, सावली नका पाडू.”

काका छत्री घेऊन उठले आणि पुढे घोडीपेक्षा जास्त वाकून जमिनीकडे बघत बसले, असं ती लिहिते. तिचं शेवटचं वाक्य मी दहा वेळा वाचलं: ‘घोडीची सावली गेली नाही, ती घोडीच्या पोटाखाली जाऊन बसली.’ इतकी वर्षं मी निबंध तपासले, शैला. ‘मी पाहिलेला सूर्यास्त’ या विषयाचे गठ्ठेच्या गठ्ठे. त्यात एकाही पोराने सूर्य पाहिलेला नव्हता. आणि इथे, सुट्टीत, कुणी न सांगता, हे वाक्य. त्या दुपारी तू हवी होतीस. नुसतं दाराशी उभं राहून “मंग?” एवढं विचारायला.

राहिली मोलगी.

मोलगीच्या वरच्या पाड्यावरची सविता. घरचे दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात, होळीला परत येतात, पुन्हा कुठेतरी मजुरीला जातात. ती मधले महिने तुझ्या पानांवर अभ्यास करायची. तू तिच्यासाठी पानं जपून ठेवायचीस. ती परत आली आहे की नाही, हेही मला ठाऊक नव्हतं. मोलगीचा दिवस आला आणि त्याच्या आदल्या दिवसापासून सातपुड्यावर ढग. इथे शहाद्यातूनही दिसत होते, डोंगराच्या माथ्यावर मळकट गोधडी टाकल्यासारखे. फोन नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही ढग होते.

खरं सांगते, मला तेव्हा सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. अट माझीच होती, एकही कमी पडली तर बंद. पण मी सारखी गच्चीवर जाऊन उत्तरेकडे बघत होते. शेजारीण म्हणाली, “काय व, पाऊसनी वाट देखी ऱ्हायनी का?” मी म्हटलं, “नही व माय, ढग कवय हटतीन ते देखी ऱ्हायनू.” आपल्या भागात मेच्या शेवटी असं बोलणारी बाई मी पहिलीच असेन. शेजारीण काळजीने आत गेली.

चौथ्या दिवशी सकाळी मी त्या पुढच्या पानावर मोलगीसाठी आखलेला चौकोन भरला: ‘ढगाळ हवामानामुळे दिसू शकले नाही.’ व्याकरणाने निर्दोष वाक्य. आणि पान मिटून ठेवलं.

त्याच संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. वाऱ्याचा आवाज, कारण तिकडे रेंज टेकडीवर चढल्याशिवाय मिळत नाही.

“मॅडम, मी सविता. मोलगीची बातमी पाहिजे ना?”

“अगं, ढग होते ना तिकडे?”

“होते. तीन दिवस.”

“मग दिसली नसेल.”

“नाही दिसली. पण गेली होती.”

तिने सांगितलं ते तुला सांगते. तिला मोठा बांबू हवा होता, उंच असला की फरक मोठा दिसतो म्हणून. पण पाड्यातले आजोबा, जे दरवर्षी काठी गावच्या होळीचा दांडा उभा करायला जातात, ते रागावले. म्हणाले, आत्ता काय होळी आहे का, दांडा केव्हाही उभा करतात का? तिने सांगितलं, पूजा नाही, नाचणं नाही, जाळणार नाही, फक्त सावली बघायची आहे. आजोबा म्हणाले, मग वाकडा कशाला रोवते? आणि स्वतः उठले. एक डोळा मिटून, लांब उभे राहून, डावीकडे, उजवीकडे असं सांगत सरळ करून घेतला. वर शेंड्याला टोपली बांधायला लावली, म्हणजे खाली सावलीचा गोल नीट दिसेल.

“ढग यायच्या आधी मॅडम, टोपलीची सावली बांबूच्या उत्तरेला पडायची. रोज थोडी जवळ येत होती. मग ढग आले. आज ऊन पडलं, तर सावली दक्षिणेला. चार बोटं.” ती दम घ्यायला थांबली. “म्हणजे मधल्या ढगांच्या दिवसांतच ती बांबूखालून गेली. दुसरा रस्ताच नाही तिला.”

शैला, मी मराठीची शिक्षिका आहे, तरी मला ते कळलं. त्या टेकडीच्या वाऱ्यात उभ्या असलेल्या मुलीने सूर्य न पाहता सूर्य गाठला होता.

“पण सविता,” मी म्हणाले, “मॅडमचा नियम होता. पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. मी ‘ढगाळ’ असं लिहिलंय.”

“ढगाळ नका लिहू.” पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. “ढगाळ तर कुणीही लिहील. त्याला इथे राहायला कशाला लागतं? आम्ही अलीकडचं पाहिलं, पलीकडचं पाहिलं. मधलं लपून झालं, पण झालं. आजोबा पण म्हणतात झालं.”

मग मागून आजोबांचा आवाज आला, त्यांच्या भाषेत, मला शब्द कळले नाहीत. सविता हसली. मी विचारलं, काय म्हणाले? “म्हणतात, बाईंना सांग, मी सरळ केलेला दांडा खोटं बोलत नाही.”

मी चौकोन खोडला. तुझा नियम मोडला, तुझ्याच पोरीच्या सांगण्यावरून. मोलगीसमोर लिहिलं: ‘सावली ढगाआडून गेली. अलीकडे-पलीकडे पाहून सिद्ध केले: सविता व ग्रामस्थ.’ तू असतीस तर वाद घातला असतास, मग पुन्हा वाचलं असतंस, आणि मग त्या वाक्याखाली ‘करून बघा’ घातलं असतंस. ते मी घातलं आहे.

पान निघालं. शाळा उघडायच्या आधीच ते तालुक्यांतून फिरलं. मुख्याध्यापकांच्या टेबलावर मी ते ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाले, “दिल्लीला खरंच होत नाही?” झेरॉक्स सुरू राहील. तुझ्या फिरत्या ढालीचं अजून कुणी नाव काढलेलं नाही, ते बरंच आहे.

आता तुला एकच सांगायचं आहे. काल ग्रुपवर भांडण लागलं, आणि कारण मी. मी कौतुकाने लिहिलं की विसरवाडीने मान मिळवला, पहिली सावली त्यांची. सॅम्युएलने लगेच वर केलेल्या अंगठ्याचं चित्र टाकलं. त्यावर सविताचा निरोप आला. जुलैमध्ये सूर्य परतीच्या वाटेवर असतो, तिने लिहिलं, उत्तरेकडून दक्षिणेकडे येतो. तेव्हा आधी मोलगी, मग सारंगखेडा, आणि विसरवाडी सगळ्यात शेवटी.

आपल्या जिल्ह्यात रस्ता, वीज, गाडी, पाहुणे, सगळं मोलगीला शेवटी पोहोचतं. माझ्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं की वर्षातून एकदा काहीतरी आधी तिथे येतं आणि मग खाली उतरतं. सॅम्युएलने लिहिलं, जुलैत पाऊस असतो, दिसणार काय? मीही तेच लिहिलं, सवयीने. जुलैत डोंगरात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही.

सविताचं उत्तर लगेच आलं: “मॅडम, बांबू काढलाच नाही. ढग असले तरी या वेळी पहिले आम्हीच.”